हात दिसतील का?

मिस्त्रींना सगळा परिसर मिस्त्रीच म्हणायचा. जळालेल्या पंपांच्या मोटरी पुन्हा बांधून देणं हा त्यांचा धंदा. घराला लागून पत्र्याची शेड होती. तिथं ते सकाळपासून काळपटलेल्या तारा उपसून काढायचे आणि नवी तांब्याची तार वेटोळ्या-वेटोळ्यांनी भरायचे. बोलणं बेताचं. त्यांची बायको त्यांच्या नेमकी उलट. कपड्यांच्या कारखान्यासाठी ती घरी बसून काजं-बटणं करायची आणि काम करता करता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायची. लोक तिला मिस्त्रीणबाई म्हणत, आणि मोटर दुरुस्तीला टाकायला आलेला माणूस चहा घेऊन तासाभरानं उठे तो तिच्यामुळेच.

त्यांना एकच लेक. जन्मापासून बहिरी. पोर दोन वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी निदान सांगितलं, आणि तेव्हापासून मिस्त्रीणबाईनं जणू दुसरी जीभ कमावली. आठवड्यातून दोनदा बस पकडून ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत जायची, मागच्या बाकावर बसायची, आणि मुलांच्या बरोबरीनं हातांची भाषा शिकायची. काही खुणा शाळेतल्या, काही मायलेकींनी घरात जमवलेल्या. हवेतून सुई ओढली की आई. मनगट पान्यासारखं फिरवलं की बाबा. गालाला बोट टेकवलं की लेक, कारण तिथं तिला खळी पडायची.

मिस्त्री काही ती भाषा नीट शिकले नाहीत. जेव, झोप, ये, जा, छान, नको, एवढ्यावर त्यांचं भागायचं. त्यापुढचं काही असलं की ते बायकोकडे बघायचे आणि ती सांगायची. "माझा दुभाषा घरातच आहे," असं ते हसून म्हणत. वीस वर्षं म्हणत राहिले.

लेक मोठी झाली, दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम शिकली आणि दिवसभराच्या प्रवासावर असलेल्या एका मोठ्या शहरात प्रयोगशाळेत नोकरीला लागली. हातात कसब होतं, पगार बरा होता. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, एक सोडून. मिस्त्रींचं घर खाणीच्या टेकडीखाली, खोलगटात. खिडकीशी उभं राहिलं तर फोनवर रेंजची एक दांडी यायची. बोलणाऱ्या माणसाला तेवढी पुरते. आवाज तुटला तरी "काय म्हणालास?" असं विचारता येतं. पण या मायलेकींना एकमेकींचे हात दिसायला हवे होते, आणि व्हिडिओ लावला की हात मध्येच थिजायचे, नाहीतर चौकोन चौकोन होऊन विरघळून जायचे. मिस्त्रीणबाईला लिहिता-वाचता जेमतेम यायचं. लेकीचा मेसेज मिस्त्री वाचून दाखवायचे आणि बायको म्हणायची, "हे तर तुम्ही वाचलंत. ती काय म्हणाली?" रविवारी दोघं स्कूटरवर बसून टेकडीवर जायची आणि खाणीच्या ट्रकांच्या धुळीत रस्त्याकडेला उभं राहून अर्धा तास लेकीला बघून यायची. पुढे मिस्त्रीणबाईचे गुडघे गेले आणि तेही बंद पडलं.

अशात मिस्त्रींचा जुना टेम्पो एकदाचा बसला. मोटरी ने-आण करायला गाडी तर हवीच, म्हणून ते शोरूममध्ये गेले. मागची सीट पाडता येते का आणि वजन किती पेलते, एवढंच त्यांना विचारायचं होतं. शोरूममधली मुलगी मात्र उत्साही. तिनं त्यांना वरच्या मॉडेलमध्ये बसवलं.

"काका, हिच्यात गाडीचं स्वतःचं इंटरनेट आहे."

"गाडीला काय करायचंय इंटरनेट?"

"गाडीला नाही हो, तुम्हाला!" ती हसली. "आत एक सिम बसवलेलं असतं, फोनमध्ये असतं तसंच. छतावर तो माशाच्या पंखासारखा उंचवटा दिसला ना, तो अँटेना. तो पडतो बाहेर, उंचावर, आणि फोनमधल्यापेक्षा मोठा. म्हणून जिथं फोन रडत असतो तिथं गाडीला बऱ्यापैकी सिग्नल मिळतो. मग गाडी त्याचं वाय-फाय करून आतल्यांना वाटते. सात-आठ फोन आरामात जोडता येतात."

अँटेनाचं गणित मिस्त्रींना चटकन पटलं. तारेत आयुष्य गेलेलं होतं. "आणि जिथं रेंजच नाही तिथं?"

"तिथं गाडीलाही नाही. ती काही हवेतून सिग्नल तयार करत नाही. खोटं कशाला सांगू?"

त्या एका वाक्यावर मिस्त्रींचा तिच्यावर विश्वास बसला. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हात दिसतील का?"

मुलीला काही कळेना. मग मिस्त्रींनी, सवय नसल्यामुळे अडखळत, घरची सगळी हकिकत सांगितली. मुलगी ऐकून घेऊन उठली, किल्ली घेतली आणि म्हणाली, "चला, तुमच्या दारातच बघू."

दारात गाडी उभी राहिली. मुलीनं मिस्त्रींचा फोन गाडीला जोडून दिला, मिस्त्रीणबाईला पुढच्या सीटवर बसवलं आणि लेकीला व्हिडिओ लावला. लेक कामावर होती, एका हातात पांढरा हातमोजा, दुसऱ्याच्या बोटांना गुलाबी मेण लागलेलं. ते मेणसुद्धा दिसत होतं. मिस्त्रीणबाईनं गालाला बोट टेकवलं, पलीकडून लेकीनं हवेतून सुई ओढली, आणि मग दोघींचे हात असे सुटले की शोरूमची मुलगी दाराला टेकून बघतच राहिली. मिस्त्रींना त्यातलं "जेवलीस का" तेवढं कळलं.

खर्चाचंही मुलीनं स्पष्ट सांगून टाकलं. पहिले तीन महिने फुकट. पुढे दर महिन्याला पॅक मारायचं. एका लहान पंपाची मोटर बांधायची जी मजुरी, जवळपास तेवढं. वर्षाचं एकदम घेतलं तर स्वस्त पडतं. पॅक संपलं की गाडी चालते, गाणी वाजतात, फक्त इंटरनेट बंद.

"महिन्याचंच बरं," मिस्त्री म्हणाले. "वर्षाचं कुणी बघितलंय?"

वरच्या मॉडेलचे जादा पैसे मोजून त्यांनी गाडी घेतली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाला मिस्त्रीणबाई केस विंचरून, धुतलेली साडी नेसून गाडीत जाऊन बसायची. मिस्त्री किल्ली एक टप्पा फिरवून द्यायचे. गाडी जागची हलायची नाही, आत मात्र तासभर गप्पा रंगायच्या. पहिल्याच आठवड्यात बॅटरी उतरली आणि मिस्त्रींना ढकलायला माणसं बोलवावी लागली. तेव्हापासून अर्ध्या तासानंतर ते इंजिन सुरू करून ठेवू लागले. "अहो, गाडी घेतलीत आणि मला अजून फाटकाबाहेर नेलं नाहीत," बायको म्हणायची आणि स्वतःच हसायची. मिस्त्री शेडमध्ये तारा गुंडाळत बसायचे. काचेतून बायकोचे हात दिसायचे. ती काय सांगतेय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आनंदात आहे, एवढं पुरे होतं.

चौदा महिने असे गेले. पुढे एका सकाळी काज करताना मिस्त्रीणबाईच्या हातून सुई पडली. तिनं उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा सुई उचलायला उजवा हात पुढेच गेला नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद झाली. समज शाबूत आहे, जीभ थोडी जड झालीय, पण उजवी बाजू किती परत येईल सांगता येत नाही. लेक पंधरा दिवसांची रजा काढून आली. आईला तिनं न्हाऊ घातलं, भरवलं. शेवटी आईनंच तिला नोकरीवर परत धाडलं.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी मिस्त्रींनी विचारलं, "गाडीत बसवू?"

बायकोनं नको म्हणून मान हलवली. जड जिभेनं म्हणाली, "कशाला? मुकी झालेय मी आता."

इतकी वर्षं घराचं बोलणं त्या दोन हातांवर चाललं होतं, आणि आज तिनं स्वतःला मुकी म्हणावं! दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खिडकीखालचं कुंपण उपटलं, गाडी भिंतीला खेटून उभी केली. वाय-फाय खिडकीतून पलंगापर्यंत पोचलं. खोक्यावर फोन टेकवून ते बायकोच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

"तुझा डावा, माझा उजवा," ते म्हणाले. "मला सांग कुठं फिरवायचा."

सुरुवातीला सगळा सावळागोंधळ. ती तोंडानं सांगायची, मिस्त्री हात वर करायचे, तोवर तिचा हात पुढच्या खुणेवर गेलेला असायचा. "घर" करायला दोन हातांची बोटं छपरासारखी जुळवायची, तर मिस्त्रींचा पंजा तिच्या पंजापेक्षा दुप्पट, छप्पर एका बाजूला कलायचं. लेक पलीकडे हसून हसून रडायची, की रडून रडून हसायची, कुणास ठाऊक. पण दोन महिन्यांत हात जुळत आले. मिस्त्रींना पन्नासेक खुणा नव्यानं उमगल्या. बायकोच्या खांद्याला खांदा लावून ते रोज संध्याकाळी बसायचे, आणि लग्नानंतर इतका वेळ आपण हिच्या शेजारी कधी बसलो नव्हतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

याच दिवसांत गाडीच्या पडद्यावर पिवळी पट्टी यायला लागली होती. सेवा अमुक तारखेला संपणार. दर महिन्याला मिस्त्री शोरूमला जायचे आणि ती मुलगी त्यांच्यासमोर पॅक मारून द्यायची. फोनवरून पैसे भरायची त्यांना धास्ती वाटे. या खेपेला औषधं, व्यायाम घ्यायला येणारी बाई, दवाखान्याच्या फेऱ्या, यात महिना कधी सरला कळलं नाही. पट्टी आली की खाली "नंतर" असं बटण असायचं. ते दाबलं की पट्टी जायची. त्यांनी तीनदा दाबलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन जोडला जाईना. मिस्त्रींनी गाडी बंद केली, पुन्हा चालू केली, टपावर चढून अँटेना पुसला. मग पडद्यावरची ओळ वाचली: सेवा संपली आहे. शोरूमला फोन लावला, पण एव्हाना शोरूम बंद झालेलं. खिडकीतल्या एका दांडीवर त्यांनी लेकीला मेसेज धाडला: गाडीचं नेट बंद आहे. उद्या बोलू.

बायको विंचरलेले केस घेऊन बसली होती.

"चल, गाडीत घालतो तुला," मिस्त्री म्हणाले. "वर टेकडीवर जाऊ. तिथं फोनवरच दिसते ती."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. दिवसभराच्या व्यायामानं ती दमली होती. डावा हात उचलून तिनं पुढच्या दिशेला एक छोटी उडी मारल्यासारखी खूण केली. उद्या. आता ती मिस्त्रींशीही अधूनमधून हातानं बोलू लागली होती, जिभेपेक्षा तेच सोपं पडायचं.

"नक्की?"

पुन्हा तीच खूण. मिस्त्रींनी जास्त आग्रह केला नाही.

सकाळी शेजारीणबाईंना तिच्यापाशी बसवून ते शोरूम उघडायच्या आधीच तिथं जाऊन उभे राहिले. मुलगी आली, तिनं पाच मिनिटांत पॅक मारून दिलं. या वेळी त्यांनी वर्षाचं घेतलं. "बायकोला सांगा, आता वर्षभर चिंता नाही," ती म्हणाली. मिस्त्रींनी येताना बायकोसाठी मऊ पावही घेतला.

फाटकाशी शेजारीणबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून मिस्त्रींनी गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर तशीच सोडली.

"चहा मागितला हो त्यांनी," शेजारीणबाई रडत म्हणाल्या. "मी गाळून आणेपर्यंत... मी तुम्हाला फोन लावत होते, लागतच नव्हता."

मिस्त्री किती वेळ आत बसून होते कुणास ठाऊक. बायकोची वेणी सुटली होती, ती त्यांनी जमेल तशी बांधली. डॉक्टर येऊन गेले. कुणीतरी म्हणालं, लेकीला कळवायला हवं, मेसेज टाका. मिस्त्री फोन घेऊन खिडकीशी गेले, एक अक्षर लिहिलं, पुसलं. ज्या पोरीशी तिची आई सारा जन्म हातांनी बोलली, तिला हे लिहून कळवायचं त्यांच्या जिवावर आलं. ते बाहेर जाऊन गाडीत बसले. फोन आपोआप जोडला गेला आणि लेकीचे कालपासूनचे न लागलेले व्हिडिओ कॉल एकामागून एक उमटू लागले.

त्यांनी कॉल लावला. लेक लगेच समोर आली, रागावलेली, हात झपाझप हलवत. नेट का नाही? आई कुठाय?

मिस्त्रींनी हवेतून सुई ओढली. आणि थांबले. पुढची खूण त्यांनी एकदाच बघितली होती, लेक सहा वर्षांची असताना, घरचं कुत्रं गेलं तेव्हा. आकाशाकडे तोंड केलेला तळहात हळूच जमिनीकडे उलथवायचा. त्यांनी तो उलथवला.

लेकीनं कपाळाला आठी घातली. बाबा नेहमीच चुकीच्या खुणा करायचे, ते निस्तरायची तिला सवय होती. तिनं दोन्ही हात गालाखाली घेतले. झोपलीय? असं म्हणायचंय?

मिस्त्रींनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा सुई ओढली, पुन्हा हात उलथवला. घाईत खूण आणखीच बिघडली. लेकीनं मोठ्या धीरानं, लहान मुलाला शिकवावं तशी, त्यांची खूण दुरुस्त केली. असं करा, बाबा. पडली? परत दवाखान्यात?

तेव्हा मिस्त्रींनी दोन्ही डोळे पुसले, श्वास घेतला, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, आणि तिसऱ्यांदा, अगदी सावकाश, कुठंही न चुकता ती खूण केली.

लेकीचे हात हवेत होते तिथंच राहिले. मिस्त्रींना क्षणभर वाटलं, चित्र अडकलं. मग तिच्या मागं भिंतीवर घड्याळाचा काटा सरकताना दिसला.

त्याच दिवशी निघून ती आली. सगळं आवरलं, येणारी माणसं येऊन गेली, आणि आठव्या दिवशी बापलेक स्वयंपाकघराच्या टेबलाशी समोरासमोर बसले. मिस्त्रींनी कागद पुढे ओढला आणि सगळं लिहून काढलं. पिवळी पट्टी, तीनदा दाबलेलं बटण, टेकडीवर नेण्याची गोष्ट, तिनं केलेली खूण. माझ्यामुळे तुमची शेवटची भेट चुकली, असं शेवटी लिहून कागद तिच्याकडे सरकवला.

लेकीनं वाचलं. रडली. मग पेन घेतलं आणि इतक्या जोरानं लिहू लागली की कागद फाटला. तिनं लिहिलं होतं: बटणाचा मला राग नाही. माणूस विसरतो. मी सव्वीस वर्षांची आहे आणि तुम्ही मला हे कागदावर सांगताय, याचा राग आहे. आई गेली हे मला तीनदा विचारावं लागलं.

मिस्त्रींनी कागद उलटा ठेवला, तिच्या हाताकडे बोट दाखवलं आणि मग आपल्या कपाळाला लावलं. शिकव.

ती महिनाभर राहिली. सकाळी शेडमध्ये स्टुलावर बसून ती एकेक वस्तू दाखवायची आणि खूण सांगायची. छप्पन्न वर्षांची, तारेनं घट्टे पडलेली बोटं पटकन वळायची नाहीत. कधी ती चिडून उठून जायची, कधी मिस्त्री. तिला शहरात परत जाणं भाग होतं, आणि इथला धंदा सोडून तिच्याकडे जाणं मिस्त्रींना जमणारं नव्हतं. कोणी कोणाला फार समजावलं नाही.

आता संध्याकाळी मिस्त्री स्वतः गाडीत बसतात. बोलणं संथ चालतं. एकच गोष्ट चार-चारदा सांगावी लागते. परवा लेक कुणाबद्दल तरी सांगत होती. कामाच्या ठिकाणचा, साचे ओतणारा, तिच्यासारखाच बहिरा. मिस्त्रींना आधी वाटलं, तो आजारी आहे. मग वाटलं, त्यानं घर घेतलंय. पाचव्या खेपेला उलगडलं, की तिला त्याच्याशी लग्न करायचंय.

"आईला माहीत होतं?" त्यांनी हातांनी विचारलं.

तिनं मान डोलावली. आजारी पडायच्या आधी वर्षभरापासून.

वर्षभर शेडमधल्या स्टुलावरून त्यांनी बायकोचे हात बघितले होते. ती लेकीचा संसार मांडत होती आणि त्यांना वाटत होतं, गप्पा चालल्यात. लेक वाट बघत होती. मिस्त्रींनी विचारलं, तो कसा आहे. मग आणखी विचारलं, त्याचे आईवडील त्याच्याशी कसे बोलतात. तिचं उत्तर लांबलचक होतं. मिस्त्रींनी तिला मध्येच थांबवलं, इंजिन सुरू केलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.